शेतकऱ्याचा रोजचा ताण व अवधानाचा अभ्यास

पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या मनाची जी अवस्था होते, तिची नोंद पीकपाण्याच्या कोणत्याही अहवालात होत नाही. मृगाच्या पहिल्या सरी पडतात, रान ओले दिसू लागते, आणि शेजारच्या शेतात तिफण चालू झालेली नजरेस येते. किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल मुरल्याखेरीज कोरडवाहू खरिपाची पेरणी करू नये, ही शिफारस शेतकऱ्यास ठाऊक असते. बियाण्यात व खतात आपला किती पैसा गुंतला आहे, हेही तो जाणतो. तथापि ‘आपण मागे राहू’ या धास्तीने तो त्याच दिवशी पेरणीस हात घालतो. पुढे पावसाने ओढ दिली म्हणजे नुकतेच वर आलेले कोंब करपून जातात व दुबार पेरणीचा खर्च माथी बसतो.

अशा प्रसंगी उणीव असते ती माहितीची नव्हे. माहिती असूनही ती वेळेवर उपयोगात आणण्याइतके मन ठिकाणावर नसते, ही खरी अडचण होय. सुधारलेले बियाणे, खत व अवजारे यांविषयी गावोगावी पुष्कळ सांगितले जाते. परंतु ही सर्व साधने ज्याच्या निर्णयावर अवलंबून आहेत त्या शेतकऱ्याच्या मनाविषयी क्वचितच बोलले जाते. रोजचा ताण म्हणजे काय, तो शेतीच्या कामात कसा विघ्न आणतो, आणि अवधानाच्या साध्या अभ्यासाने तो कितपत आवरता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ताण म्हणजे काय

ताण हा दुबळेपणा नव्हे, व तो केवळ मनाचा खेळही नव्हे. ती शरीराची एक स्वाभाविक क्रिया आहे. संकट समोर दिसताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन लहान ग्रंथींमधून ॲड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. छातीची धडधड वाढते, श्वास भरभर चालतो, हातापायांच्या स्नायूंना रक्ताचा जादा पुरवठा होतो आणि पचनाचे काम मंदावते. लढावे किंवा पळावे, यांपैकी एका कृतीसाठी शरीर सज्ज होते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या क्रियेचे वर्णन केले. पुढे १९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे दाखविले की, त्रासाचे कारण कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा एकसारखाच असतो, आणि तो दीर्घकाळ टिकल्यास शरीराची हानी होते.

दुभत्या जनावरांची निगा राखणाऱ्यास ही गोष्ट वेगळ्या शब्दांत परिचित आहे. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला, कुत्रे भुंकले किंवा धार काढणाऱ्याने काठी उगारली, तर गाय पान्हा चोरते. कासेत दूध नसते असे नाही. भीतीमुळे रक्तात आलेले ॲड्रेनलिन पान्हा सुटण्याच्या क्रियेस अडथळा करते. माणसाच्या बाबतीतही असेच घडते. ताणाच्या भरात त्याची बुद्धी नाहीशी होत नाही. पण ती ऐन वेळी पान्हा चोरते.

जनावर व माणूस यांत एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. कुत्रे निघून गेले की थोड्या वेळाने गाय शांत होते व रवंथ करू लागते. माणसाचे संकट निघून गेले तरी त्याचे मन ते संकट पुनःपुन्हा वर काढून चघळीत राहते. गेल्या वर्षीचा तोटा, उद्याचा हप्ता, मुलीचे लग्न, भावकीतील बोलणे, हे सारे रात्री अंथरुणावर पडल्यावर एकामागून एक वर येते. गाईच्या रवंथाने चारा अंगी लागतो. माणसाच्या या रवंथाने त्याचे अंगच झिजते. प्रत्यक्ष संकट नसतानाही शरीर संकटाच्या तयारीत राहते, आणि झोप, भूक व रक्तदाब यांवर त्याचा परिणाम होतो.

ताणाची लक्षणे

ताण चढू लागल्याची चिन्हे ओळखता येणे ही पहिली पायरी होय. पिकावरील किडीप्रमाणे ताणही आरंभी ओळखला तर आवरणे सोपे जाते. पुढील लक्षणे सामान्यतः आढळून येतात :

शरीरावरील : डोके, मान व पाठ दुखणे, झोप न लागणे किंवा पहाटे दोन-तीन वाजता जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, छातीत धडधड, अपचन, नेहमीच्या कामानेही लवकर थकवा येणे.

मनावरील : एकच विचार घोळत राहणे, विसराळूपणा, लहानसहान गोष्टींवर संताप, कामात रस न वाटणे.

वागण्यातील : चारचौघांत मिसळणे टाळणे, तंबाखू किंवा दारूचे प्रमाण वाढणे, जनावरांवर व मुलांवर हात उगारणे, बांधावरून व पाण्याच्या पाळीवरून वारंवार तंटे होणे.

घरातील स्त्रीच्या ताणाकडे सहसा दुर्लक्ष होते. ती पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, शेण-गोठा आवरते, दिवसभर निंदणी-खुरपणी करते, व सायंकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. कर्जाची चिंता तिलाही असते. परंतु ती बोलून दाखविण्याची मुभा तिला कमी असते. अंग दुखते, चक्कर येते, एवढेच ती सांगते. ग्रामकार्यकर्त्याने हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

ताण आणि शेतीतील निर्णय

२०१३ साली ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऊस तोडणीपूर्वी शेतकऱ्याचा हात तंग असतो व तोडणीनंतर पैसा हाती येतो. त्याच त्या शेतकऱ्यांना या दोन्ही काळांत बुद्धीच्या व लक्ष एकाग्र करण्याच्या कसोट्या देण्यात आल्या. तोडणीपूर्वीच्या तंगीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी भरले व तोडणीनंतर ते वाढले. माणूस तोच, बुद्धीही तीच. पण विवंचना मनाचा एक भाग सतत व्यापून ठेवते आणि उरलेल्या कामासाठी मन अपुरे पडते, असे संशोधकांनी त्याचे स्पष्टीकरण दिले आहे.

या निष्कर्षाचा अर्थ शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा. ‘माझे डोके चालत नाही’ असे म्हणून स्वतःस दोष देण्याचे कारण नाही. डोके चालते, मात्र त्यावर ओझे अधिक झालेले असते. नेमक्या अशा ओझ्याच्या काळातच शेतीचे मोठे निर्णय घ्यावे लागतात. बियाणे कोणते घ्यावे, फवारणी करावी की थांबावे, माल आज विकावा की ठेवावा, कर्ज कोणाकडून काढावे, हे प्रश्न निवांतपणी येत नाहीत.

फवारणीचे उदाहरण घ्यावे. घाईत व चिंतेत असलेला माणूस वाऱ्याची दिशा पाहावयास विसरतो, हातमोजे व तोंडावरील आच्छादन घरीच ठेवतो, आणि औषधाचे प्रमाण अंदाजाने घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती व ती सर्व काही फवारणाऱ्याच्या हातची नव्हती. तथापि विषारी औषध हाताळताना चित्त थाऱ्यावर असणे किती आवश्यक आहे, याची जाणीव तिने करून दिली.

अवधान म्हणजे काय

कीर्तनास उभे राहताना कीर्तनकार श्रोत्यांकडे प्रथम अवधान मागतो. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी ‘सावधान’ असे बजावले जाते. मन इकडे तिकडे न जाऊ देता, समोर जे चालले आहे त्याकडे ते जाणून-बुजून लावणे, असा या शब्दांचा भाव आहे. अलीकडे यालाच सजगता असेही म्हणतात.

अवधानाच्या अभ्यासात दोन गोष्टी येतात. पहिली, या क्षणी शरीरात, मनात व भोवताली काय घडत आहे ते पाहणे. दुसरी, जे दिसेल त्यावर लगेच चांगले-वाईट असा शिक्का न मारणे. राग आला असेल तर ‘राग आला आहे’ एवढे ओळखणे. भीती वाटत असेल तर ‘छातीत धडधड होत आहे, मन उद्याकडे धावत आहे’ एवढे जाणणे. विचार बंद पाडणे हा या अभ्यासाचा हेतू नाही. बांधावर उभे राहून ओढ्याचे पाणी वाहताना पाहावे, त्यात उडी घेऊ नये. तसे विचारांकडे पाहावयाचे असते.

ही विद्या आपल्या देशात प्राचीन आहे. पाली ग्रंथांत तिला ‘सती’, म्हणजे स्मृती, असे नाव असून श्वासावर लक्ष ठेवण्याच्या रीतीस ‘आनापानसती’ म्हटले आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका यांनी तेथील आचार्य ऊ बा खिन यांच्याकडून विपश्यनेचे शिक्षण घेतले, १९६९ साली ते भारतात आले, व पुढे नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. तेथे दहा दिवसांची मौन शिबिरे होतात व त्यांसाठी शुल्क आकारले जात नाही.

दुसरीकडे, १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी याच विद्येवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. त्यात कोणत्याही धर्माची अट नव्हती. आज अनेक देशांतील रुग्णालयांत तो शिकविला जातो. सारांश, वारकरी, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती वा कोणताही पंथ न मानणारा, अशा कोणासही हा अभ्यास आपापली श्रद्धा कायम ठेवून करता येतो.

अभ्यासाची रीत

दहा दिवस घर सोडणे प्रत्येकास शक्य नसते. पुढे दिलेल्या पाच रीती घरी व शेतात करण्याजोग्या असून त्यांस खर्च काहीही नाही.

१. श्वासाचे अवधान. पहाटे तोंड धुतल्यावर किंवा रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने दहा मिनिटे बसावे. मांडी घालून बसता येत नसेल तर भिंतीस टेकून अथवा बाजेवर बसावे. पाठ सरळ, खांदे सैल. डोळे मिटावे किंवा समोर जमिनीवर स्थिर ठेवावे. नाकपुड्यांशी श्वास आत येताना व बाहेर जाताना जाणवतो, तेथे लक्ष ठेवावे. श्वास मुद्दाम रोखू नये. थोड्याच वेळात मन बाजारात, बँकेत वा भांडणात निघून जाईल. ते गेले असे लक्षात येताच, चडफड न करता, ते पुन्हा श्वासाकडे आणावे. नवखे गोऱ्हे औताला लावले म्हणजे ते वारंवार तास सोडते व शहाणा शेतकरी त्यास न मारता तासावर आणतो. त्याप्रमाणेच हे करावे. मन शंभर वेळा गेले व शंभर वेळा परत आणले, तर तो अपयशाचा दिवस नव्हे. परत आणणे हाच अभ्यास होय.

मन फारच खवळले असेल तर श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा थोडा लांबवावा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात व सोडताना मंदावतात. त्यामुळे सावकाश सोडलेल्या श्वासाने शरीर निवते.

२. अंगाची पाहणी. रात्री अंथरुणावर उताणे पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष न्यावे. तळवे, पोटऱ्या, गुडघे, कंबर, पोट, छाती, खांदे, मान, जबडा, कपाळ, असा क्रम ठेवावा. कोठे ओढ, जडपणा वा दुखणे आहे ते पाहावे व श्वास सोडताना तो भाग सैल सोडावा. दिवसभर दात आवळलेले होते किंवा खांदे वर चढलेले होते, हे पुष्कळांना प्रथमच या पाहणीत कळते. झोप न येणाऱ्यांस ही रीत विशेष उपयोगी आहे. पाहणी करता करता झोप लागल्यास ती लागू द्यावी.

३. कामातील अवधान. दिवसातील कोणतेही एक काम निवडावे व तेवढे पूर्ण लक्ष देऊन करावे. धार काढणाऱ्याने बोटांतील पकड, दुधाच्या धारेचा आवाज व जनावराच्या अंगाची ऊब यांकडे लक्ष द्यावे. खुरपणी करणारीने खुरप्याचे पाते मातीत शिरताना जाणवणारा ओलावा वा कोरडेपणा पाहावा. शेतावर जाता-येता पाऊल उचलणे व टेकणे याकडे ध्यान द्यावे. त्या वेळी भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा. या रीतीत वेळ वेगळा काढावा लागत नाही, आणि पिकाची पाहणीही अधिक चांगली होते. पानाच्या मागील बाजूस असलेला मावा घाईच्या नजरेस दिसत नाही.

४. तीन श्वासांचा थांबा. ज्या कृतीचा पुढे पश्चात्ताप होऊ शकतो तिच्या आधी थांबून तीन सावकाश श्वास घ्यावेत. भांडणात उत्तर देण्यापूर्वी, कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी, औषधाचा डबा उघडण्यापूर्वी, जनावरावर काठी उगारण्यापूर्वी हा थांबा घ्यावा. तीन श्वासांस अर्धा मिनिटही लागत नाही. पण तेवढ्यात ‘मी काय करीत आहे’ हा प्रश्न विचारण्याइतकी जागा मनात होते.

५. चिंतेची वही. रोज सायंकाळी ठराविक पंधरा मिनिटे चिंतेसाठी राखून ठेवावीत. एका वहीत तीन रकाने आखावेत : ‘आज माझ्या हाती आहे’, ‘दुसऱ्याच्या मदतीने होईल’ व ‘कोणाच्याच हाती नाही’. मनातील प्रत्येक चिंता यांपैकी एका रकान्यात लिहावी. लिहिता येत नसेल त्याने घरातील शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे. परंतु मुलावर काळजीचा भार पडेल अशा गोष्टी घरातील मोठ्या माणसाशी बोलाव्यात.

एक उदाहरण पाहू. कापूस उत्पादकास गुलाबी बोंडअळीची धास्ती आहे. ही चिंता पहिल्या रकान्यात जाते. कामगंध सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आढळल्यास ती नुकसानीची पातळी समजून उपाय योजावा. तोवर धास्तीपोटी फवारणी करू नये. चिंता हे मोजमाप नव्हे. सापळ्यातील पतंग हे मोजमाप होय. पीक कर्जाचा हप्ता थकला आहे, ही चिंता दुसऱ्या रकान्यात जाते. बँकेत किंवा विकास सोसायटीत स्वतः जाऊन मुदत, व्याज व पुनर्गठन यांची माहिती घ्यावी. सावकार परवान्याविना व्यवहार करीत असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे तक्रार करता येते. पाऊस केव्हा पडेल, ही चिंता तिसऱ्या रकान्यात जाते. ती नाकारू नये, दडपूही नये. ती मनात आली की ओळखावी, एक श्वास सावकाश सोडावा व पहिल्या रकान्यातील कामास लागावे.

किती लाभ अपेक्षावा

कोणत्याही नव्या वाणाची शिफारस करण्यापूर्वी त्याची चाचणी पाहतात. अवधानाच्या अभ्यासाचीही अशी चाचणी झाली आहे. २०१४ साली अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात ध्यानाच्या अभ्यासाविषयीच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्या चाचण्यांत ३,५१५ व्यक्तींनी भाग घेतला होता. अवधानाच्या अभ्यासाने चिंता, खिन्नता व वेदना यांत माफक सुधारणा होते, असे त्यात आढळले. मात्र औषधे किंवा व्यायाम यांसारख्या इतर उपचारांपेक्षा तो सरस ठरतो, असा पुरावा मिळाला नाही.

म्हणून या अभ्यासाकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवावी. त्याने पाऊस पडत नाही, बाजारभाव चढत नाही व कर्ज फिटत नाही. शेतमालाचा पडता भाव, विजेचा व पाण्याचा प्रश्न, विम्याची भरपाई या गोष्टींची सोडवणूक त्यांच्या त्यांच्या मार्गानेच झाली पाहिजे. ‘श्वास मोजा आणि गप्प बसा’ असा उपदेश शेतकऱ्यास करणे हा त्याच्यावर अन्याय होईल. अवधानाचा उपयोग एवढाच की, या प्रश्नांशी झगडताना माणसाची शक्ती व्यर्थ खर्ची पडत नाही आणि एका संकटात घाईच्या निर्णयाने दुसऱ्याची भर पडत नाही. त्याचा गुण हळूहळू येतो. पाण्याच्या एका पाळीने पीक हाती येत नाही. नियमित पाळ्या द्याव्या लागतात.

काही शंका व त्यांचे समाधान

‘आम्हास वेळ कोठे आहे?’ अशी शंका प्रथम निघते. सुगीच्या दिवसांत दहा मिनिटे मिळत नसल्यास तिसरी व चौथी रीत तरी चालू ठेवावी. त्यांस वेगळा वेळ लागत नाही.

‘बसले की उलट अधिकच विचार येतात,’ असे काहीजण सांगतात. विचार पूर्वीही येत होते. ते आता दिसू लागले, इतकेच. स्थिर डोहात तळ दिसतो, तसे हे आहे. परंतु बसल्यावर जुन्या आघाताच्या आठवणी उसळून घाबरे होत असेल, तर डोळे उघडावेत, उठून चालावे व बसण्याचा अभ्यास थांबवावा. अशा व्यक्तीने तसेच तीव्र मानसिक आजार असलेल्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय दीर्घ शिबिरास जाऊ नये.

‘हरिपाठ, नमाज, प्रार्थना आम्ही करतोच, मग हे कशास?’ अशीही शंका येते. मन लावून केलेल्या उपासनेत अवधान असतेच. ज्यांची उपासना नित्याची आहे, त्यांनी तीच अधिक लक्षपूर्वक करावी व कामातील अवधान तिला जोडावे.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे

पीक प्रात्यक्षिकाप्रमाणे या विषयाचेही प्रात्यक्षिकच द्यावे. व्याख्यान देऊ नये. प्रथम स्वतः किमान पंधरा दिवस अभ्यास करावा. नंतर सायंकाळी चावडीत, समाजमंदिरात किंवा बचत गटाच्या बैठकीत आठ-दहा जणांना जमवून वीस मिनिटांचा कार्यक्रम ठेवावा. पाच मिनिटे विषय सांगावा, दहा मिनिटे श्वासाचे अवधान करवावे, व पाच मिनिटे जमलेल्यांस बोलू द्यावे. स्त्रियांसाठी त्यांच्या सोयीची वेळ निराळी ठेवावी.

ऐकणे ही कार्यकर्त्याची मोठी सेवा आहे. शेतकरी अडचण सांगू लागला म्हणजे मध्येच योजनांची यादी वाचू नये. ‘इतरांचे तुमच्याहून वाईट आहे’, ‘मन घट्ट करा’ अशी वाक्ये टाळावीत. जे ऐकले ते गावात कोणाजवळही बोलू नये. शेतीविषयक शंकांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सांगावा.

गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून किती काम होऊ शकते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या नावाने चाललेल्या उपक्रमाचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथे गावातीलच कार्यकर्त्यांनी खिन्नतेच्या आजाराविषयी घरोघरी माहिती दिली व रुग्णांस आधार दिला. परिणामी, खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

ज्या ताणास हा अभ्यास पुरत नाही

दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदासी राहणे, झोप व अन्न तुटणे, कामावरून मन पूर्णपणे उडणे, ही खिन्नतेच्या आजाराची चिन्हे आहेत. तेथे वैद्यकीय उपचार हवेत. ‘आता जगून काय करायचे’, ‘माझ्या मागे लेकरांकडे पाहा’ असे उद्गार, अकस्मात निरवानिरव करणे, किंवा आवडीच्या वस्तू व जनावरे देऊन टाकणे ही धोक्याची खूण समजावी.

अशा माणसास जीव देण्याचा विचार मनात येतो काय, असे आपुलकीने पण स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा कोणी भेटला याचा आधारच वाटतो. त्यास एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके त्याच दिवशी दुसरीकडे हलवावीत. एरवीही ही औषधे कुलूपबंद पेटीत, राहत्या जागेपासून दूर ठेवण्याची शिस्त प्रत्येक घरी असावी. आवेगाचा क्षण बहुधा थोडा वेळच टिकतो. त्या क्षणी विष हाताशी नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण पुष्कळ खाली आले, हा अनुभव बोलका आहे.

मदतीसाठी केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा निःशुल्क असून रात्रंदिवस उपलब्ध असते व मराठीतही बोलता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी रुग्णास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवू शकतात. पोलिसांच्या भीतीने घटना लपवू नये. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपविलेले आहे.

सारांश

ताण हा शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद आहे. तो येण्यात लाज नाही. तो साचू दिल्यास मात्र झोप, प्रकृती, घरातील सलोखा व शेतीचा निर्णय या चारींची हानी होते. सकाळी दहा मिनिटे श्वासाचे अवधान, दिवसा एक काम लक्षपूर्वक, अडीअडचणीच्या क्षणी तीन श्वासांचा थांबा, सायंकाळी चिंतेची वही व रात्री अंगाची पाहणी, असा दिनक्रम पंधरा दिवस ठेवून पाहावा. ज्यास एवढे झेपत नाही त्याने तीन श्वासांच्या थांब्यापासून प्रारंभ करावा. येत्या खरिपात पहिला पाऊस पडून शेजारची तिफण चालू झाली, तर शेतकऱ्याने बांधावर उभे राहून तीन श्वास घ्यावेत, मातीची ओल खणून हातात घेऊन पाहावी, गावात नोंदलेला पाऊस विचारावा, आणि मगच पेरणीचे ठरवावे.